रातांब्यांचा आठवडा

डोंबिवली
24 मे

प्रिय अनघा,

तुझा फोन आला तेव्हा मी माहेराहून परतताना रत्नागिरी स्टेशनवर उभी होते. पायाशी दोन पिशव्या आणि एक फणस, खांद्यावर झोपलेला बंड्या. धड बोलताच आलं नाही. तू विचारलंस ते मात्र डोक्यात राहिलं, "मुलं दिवसभर तिथे करतात तरी काय?" आज दोघंही शेजारी खेळायला गेलीत, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. नीट वाच, कारण पुढच्या मे महिन्यात तू आणि अर्णव आमच्याबरोबर यावं असं मला मनापासून वाटतं.

जाताना मांडवी एक्सप्रेस मिळाली. उक्शी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरताच मुक्ताने पाढे म्हणायला घेतले आणि उजेड दिसेपर्यंत डब्यातली निम्मी पोरं तिच्यामागून म्हणत होती. स्टेशनवर दादा आंब्याचे रिकामे क्रेट भरलेला टेम्पो घेऊन आला होता. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या पुढे घरी पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. आई ओटीवर बसून होती. ती उठून पायरीपर्यंत आली नाही, तेव्हाच मला कळलं की गुडघे आता खरंच साथ देत नाहीत.

रात्री वहिनी म्हणाली, यंदा सोलं, म्हणजे आमटीत घालायची वाळवलेली कोकमं, करायची नाहीत असं ठरलंय. दादा कॅनिंगच्या आंब्यात अडकलेला, ती एकटी, आणि आईला खाली बसवत नाही. अनघा, आमच्या घरी सोलं नाहीत असा मे मला आठवत नाही. मागच्या परसात दोन रातांबी, म्हणजे कोकमाची झाडं आहेत, आजोबांनी लावलेली. खाली लाल सडा पडला होता आणि मुंग्या लागल्या होत्या. आई काही बोलली नाही, पण सकाळी मऊभात वाढताना तिची नजर सारखी तिकडेच जात होती.

मग मुक्तानेच विचारलं, "आजी, ते खाली पडलेले गोळे कुणाचे?" आई म्हणाली, "वेचील त्याचे." तेवढं पुरलं. मुक्ता, बंड्या, दादाचे दोघे आणि चुलतबहिणीची स्वरा, अशी पाच जणं टोपल्या घेऊन मागे धावली. वहिनीने आधी सगळ्यांच्या पायांत बूट चढवले आणि काठीने पाचोळा हलवून घेतला. आमच्या जांभ्या दगडांच्या गडग्यांत फुरसं हा विषारी साप असतो, त्याची भीती आम्ही मुलांना लहानपणापासूनच घालतो आणि घालायलाच हवी. झाडाखाली पाचोळ्यात हात घालायचा नाही, दगड उचलायचा नाही, अंधार पडला की बॅटरीशिवाय अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पोरांनी हे नियम एकमेकांना इतक्या गंभीरपणे सांगितले की मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

त्या दुपारी पडवीत जे काम चाललं होतं ते तू पाहायला हवं होतंस. आई खुर्चीवर. वहिनी विळीवर एकेक रातांबा दोन भाग करून पुढे सरकवायची. मुलांनी बी पांढऱ्या गरासकट पातेल्यात टाकायची आणि साल परातीत. स्वरा पाच वर्षांची, तिला आधी जमेना. बी सुळकन निसटून पडवीभर पळायची. मग आईने तिला अंगठा सालीच्या कडेला टेकवून बी ढकलायला शिकवलं आणि दहा-बारा रातांब्यांनंतर तिचा हात बसला. गर चोखून चोखून सगळ्यांचे दात आंबले, रात्री आमटीभातसुद्धा खाववेना. बोटं जांभळी लाल झाली, ती कशानेच निघेनात.

बियांवर मीठ घालायचं, म्हणजे रस सुटतो, तेच आगळ. सालं दिवसभर उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्या खारवलेल्या रसात बुडवून काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत उन्हात. अशी पुटं देत गेलं की साल काळपट आणि मऊ होते. बंड्याकडे मीठ घालायचं काम होतं. त्याने विचारलं, "किती?" आई म्हणाली, "समुद्राइतकं खारट लागेपर्यंत." दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही गणेशगुळ्याला गेलो, तर मुक्ताने सगळ्यांत आधी काय केलं असेल? ओंजळीत पाणी घेऊन जिभेवर ठेवलं, थुंकली, आणि घरी येऊन आगळाचं बोट चाटून म्हणाली, "आजी, अजून एक मूठ लागेल." आईनेही चाखलं. खरंच लागत होतं. आईचा चेहरा त्या वेळी कसा फुलला ते मला लिहिता येत नाही. तिने मिठाची बरणीच मुक्तापुढे ठेवली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं यात आहे. अर्णवचा मोबाइल कसा सोडवायचा हे तू मला कितीदा विचारलंस. मी मुलांचा फोन लपवला नाही की त्यावरून ओरडले नाही. हातात काम होतं आणि ते काम घराला हवं होतं, हे मुलांना बरोबर कळलं. उन्हाळी शिबिरांना मी नावं ठेवत नाही, मुक्ता दोन वर्षं गेली आहे, तिला आवडतंही. पण तिथे केलेली कागदाची फुलं घरी येऊन कपाटावर पडतात. ही सोलं आमच्या आमटीत वर्षभर पडणार आहेत. यंदा ती झाली ती या पाच जणांच्या हातांनी झाली, आणि आई हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे. लहान मुलांना खरं काम द्यावं, त्यांच्या बेताचं, पण खरं. या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय.

बाकी आठवडा नुसता पळाला. गावात एक लग्न होतं, त्याची हळद, जेवणावळ, मानपान. बंड्याला पाठभर घामोळं उठलं. दोन रात्री वीज गेली, तेव्हा सगळ्यांच्या चटया अंगणात. सकाळी पाच पोरांच्या आंघोळी, कपड्यांचा ढीग, घावने संपता संपत नाहीत. वहिनी आणि मी दुपारी चहाचा कप हातात धरून दोन मिनिटं गप्प बसायचो, तीच आमची सुट्टी. वहिनीचं मला फार वाटतं गं. आम्ही येतो, आठवडाभर गजबजाट करतो आणि निघतो, तिला मात्र पुन्हा त्याच पडवीत सगळं एकटीने आवरायचं असतं. या वेळी येताना मी तिला आग्रह करून सांगितलंय, दिवाळीत आठ दिवस डोंबिवलीला यायचं आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

आढीची गंमत सांगायची राहिली. माळ्यावरच्या खोलीत पेंढ्यात आंबे घातलेले होते. रोज संध्याकाळी आढी परतायला दादाचा थोरला आणि मुक्ता. कोणता फळाला आला हे वासावरून ओळखायचं, दाबायचं नाही, ही दादाची सक्त ताकीद. फळ दाबलं की डाग पडतो. वरून सुरेख दिसणारा एक आंबा आत साक्याच्या दोषाने पांढरट निघाला तेव्हा मुक्ताला रडू फुटलं. तिने तो स्वतः निवडला होता. दादाने तिला जवळ घेऊन सांगितलं, हापूसमध्ये साका बाहेरून भल्याभल्यांना कळत नाही.

एके दिवशी रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहिला. ब्रह्मदेशाचं राज्य 1885 मध्ये गेलं आणि इंग्रजांनी त्यांच्या राजाला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. दादाचा धाकटा बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग म्हणाला, "त्याला त्याच्या आजोळी जाऊ दिलं नाही का कुणी?" मी नाही म्हटलं. परतीच्या वाटेवर तो दादाला चिकटून बसला होता.

आता पुढच्या वर्षाचं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा मार्चमध्येच तारखा धरूया. मेचा दुसरा आठवडा बघ, म्हणजे आंबा, फणस, रातांबे तिन्ही मिळतील, आणि मृगाच्या आत वाळवणं आटपतील. जुने सुती कपडे आण, चीक आणि रातांब्याचे डाग जात नाहीत. अर्णवला बंद बूट आण, सँडल चालणार नाहीत. त्याच्या दम्याचं औषध दुप्पट घे, कारण आमच्याकडून दवाखाना लांब पडतो. आणि तो कुणाशी बोलत नाही याची काळजी करू नकोस. त्याला आईच्या शेजारी परात देऊन बसव, एवढंच. आई स्वतः फार बोलत नाही आणि कुणाला बोलायलाही लावत नाही, तिच्याजवळ शांत पोरं रमतात.

तुझ्यासाठी आगळाची बाटली आणि थोडी आंबापोळी आणली आहे. रविवारी आमच्याकडे ये, नाहीतर मी येते. आगळ फ्रिजमध्ये ठेव, आणि सार करताना मीठ आधी घालू नकोस, ते मुक्ताने घातलंय.

तुझी,
मीरा