टीपीचं पुस्तक कोणाच्या कपाटात

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला, सस्टेनेबिलिटी ट्रान्झिशन म्हणजे नक्की काय करतोस आणि त्याचे तुला पैसे कोण देतं. पैशाचं सोड, फेलोशिप वेळेवर येत नाही एवढंच सांगतो. ट्रान्झिशन म्हणजे समाज जुन्या पद्धती सोडून टिकाऊ पद्धतींकडे कसा वळतो, त्याचा अभ्यास. बाकीचं व्हॉट्सॲपवर मावणार नाही म्हणून हे पत्र, निवांत वाच.

आमच्याकडे गील्स नावाच्या डच संशोधकाची थिअरी फार चालते. २००२ च्या पेपरात त्याने शिडाची जहाजं जाऊन वाफेची कशी आली ते घेतलं आणि तीन मजले पाडले, खाली छोटे छोटे प्रयोग, मधे बसलेली घडी म्हणजे नियम, धंदे, सवयी सगळं एकमेकांत अडकलेलं, आणि वर युद्ध, हवामान असल्या गोष्टी ज्या कोणाच्याच हातात नसतात. वरून दाब आला की मधली घडी विस्कटते आणि खालचा प्रयोग वर घुसतो. आकृती छान आहे, प्रत्येक सेमिनारला कोणीतरी दाखवतंच, पण मला तिच्यात सरकारी कपाट कुठे दिसत नाही.

आता मेंढा-लेखा घे. गडचिरोलीत धानोरा तालुका, शंभरेक घरांचं गोंड आदिवासी गाव. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तू ऐकली असशीलच. गावाचे नेते देवाजी तोफा तिथले. सगळे घोषणेवरच थांबतात यार, मला गावाचा अभ्यास गट जास्त भारी वाटतो. ग्रामसभेत मतदान नाही, सर्वसहमती झाली तरच निर्णय, आणि त्याआधी जो विषय कळत नाही त्यावर बसून बोलायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, निर्णय मात्र गावाचाच.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांत. (त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉमला अर्थशास्त्राचं नोबेल, का तर लोक आपली सामायिक जंगलं, पाणी, कुरणं स्वतः नियम करून सांभाळू शकतात हे तिने दाखवलं.) मग झालं काम? कसलं काय. बांबू गावाचा, पण ट्रक बाहेर काढायला टीपी लागते, म्हणजे वाहतूक परवाना, आणि ते पुस्तक वनखात्याकडे. नवा कायदा म्हणतो बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा माल, १९२७ चा जुना वन कायदा म्हणतो बांबू म्हणजे झाड, आणि खातं धरून बसलं जुन्याला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणपण सोबत, आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एक पावतीबुक द्यायला केंद्रातून मंत्री! आणि जुन्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघाला थेट २०१७ ला, तोही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूची अडचण सुटावी म्हणून.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की संस्था बदलली की नाही हे राजपत्रात बघू नको, शिक्का कोण मारतं, रजिस्टर कोणाकडे आणि सही कोणाची चालते ते बघ. गाईडला हे 'फार बारीक' वाटतं, त्यांना थिअरीत भर पाहिजे. मला वाटतं हीच भर आहे, पण चॅप्टर परत आलाय लाल शेरे मारून.

आणि सगळं गोड आहे असंही नाही हं. मेंढ्याला मॉडेल म्हणायची फॅशन आहे, पण त्या गावामागे ऐंशीच्या दशकातल्या धरणविरोधी आंदोलनापासूनची तयारी आहे, ती कुठल्या जीआरमधून दुसऱ्या गावाला कशी देणार? गडचिरोलीत नंतर कितीतरी ग्रामसभांना हक्क मिळाले, तेंदूपत्ता त्या स्वतः विकायला लागल्या, तिथे मग वेगळेच प्रश्न, ठेकेदाराशी करार कोणी वाचायचा, हिशोब कोणी लिहायचा, पैसे अडकले तर कोणाकडे जायचं. खातं बाजूला झालं तरी बाजार तिथेच असतो ना.

तुझ्याकडे एक काम आहे, बँकवाला आहेस म्हणून. ग्रामसभेच्या नावाने, ग्रामपंचायतीच्या नाही, करंट अकाउंट काढायचं तर तुमच्या फॉर्मवर कुठल्या खान्यात टिक करतात? ट्रस्ट, सोसायटी की 'इतर'? आणि सही करणारे दरवर्षी बदलले तर केवायसी परत पहिल्यापासून का? कोणाचं नाव नको, फक्त प्रोसिजर सांग, आणि जमलं तर कोऱ्या फॉर्मचा फोटो पाठव, पुढचा चॅप्टर त्यावरच आहे.

तुझाच,
मन्या