पाऊस थांबताच गवत कापायची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे याचा आनंद आम्हालाही आहे, पण त्या नादात पाऊस थांबला रे थांबला की कॉलन्यांच्या गार्डनमध्ये मशीन फिरतं आणि आपोआप उगवलेलं जे काही असेल ते सगळं कचरा म्हणून साफ! मग तिथे पेटुनिया नाहीतर गच्च पाकळ्यांच्या डबल झेंडूच्या कुंड्या येतात, दिसायला छानच, पण अशा डबल फुलात मधमाशीच्या हाती फारसं काही लागत नाही.

शेतांकडे बघा ना, आश्विनात सोयाबीन निघतं, पाठोपाठ गहू पेरतात, आणि गव्हात मधमाशीला काय मिळणार डोंबल? मोहरी फुलायला अजून वेळ असतो. या मधल्या दिवसांत तिचं पोट भरतं ते उशिरा फुलणाऱ्या आपल्या इथल्याच झाडांवर आणि नेमकी तीच आपण कापतो.

पिवळी कोरांटीच घ्या. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहते, पावसानंतर फुलते ती पार थंडीपर्यंत, पाण्याचे नखरे नाहीत, वर काट्यांमुळे बकऱ्याही लांबच. तिच्यावर शिंजीर पक्षी येतो, भुंगे येतात, लेमन पॅन्सी फुलपाखरू तर अंडीच घालतं, त्यामुळे पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारा मारू नका प्लीज. नर्सरीत वज्रदंती म्हणून मागा, नाहीतर कुणाच्या तरी परसातली फांदी आणून जुलैत खोचा, फक्त आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून जरा उंचवट्यावर. कुंपणाला शतावरी सोडा, उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसेल पण खाली मुळ्या जिवंत असतात, पावसात परत वर येते आणि ऑक्टोबरच्या सुमारास त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्या नुसत्या घोंगावतात. रुई शनिवारच्या मारुतीसाठी तरी ठेवतातच लोक, तिच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात.

गाजरगवत मात्र खुशाल उपटा, ते बाहेरून आलेलं, त्याची दया नको.

झाडी ठेवली की डास होतात म्हणतात. अहो, डास साचलेल्या पाण्यात होतात, कोरांटीत नाही! दर गार्डनचा एक कोपरा संक्रांतीपर्यंत न कापता ठेवावा, माळ्याला कळेल अशी पाटी लावावी आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, कारण एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या उघड्या जमिनीतच बीळ करतात. कॉलनी कमिट्यांनी हे येत्या पावसाळ्याआधीच ठरवून टाकावं, मशीन बाहेर निघाल्यावर कोणी ऐकत नाही.

– एक वाचक, इंदूर