तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवरच सांगणार होते. पण आई, "हळू बोल, बाबांना आत्ताच डोळा लागलाय" असं तू म्हणालीस आणि माझा धीर सुटला. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. नवीन चष्मा येईपर्यंत आईने मोबाइलमध्ये डोळे घालायचे नाहीत.

तर, तिकिटं काढली आहेत. दोघांचीही. ६ मे रोजी मुंबईहून निघायचं, दुबईला विमान बदलायचं, ग्लासगोला मी न्यायला उभी असेन. परतीचं तिकीट १० जूनचं आहे. १६ ते २५ मे मी रजा टाकली आहे आणि ती मंजूरही झाली आहे. त्या दहा दिवसांत आपण गाडीने हायलँड्स (म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग), तीन बेटं आणि शेवटी एडिंबरा असं करणार आहोत.

न विचारता केलं, हे मला कळतंय. आई, तुझा चेहरा मला इथून दिसतोय. पण मागची सहा वर्षं आपण "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो आहोत. आधी दादाचं घर, मग आजीचं दुखणं, मग तुझा गुडघा, मग बाबांची अँजिओप्लास्टी. तेव्हा मी पोचले ती चौथ्या दिवशी. बाबा, तुम्ही पलंगावर बसून इडली खात होता आणि मला म्हणालात, "कशाला धावत आलीस, रजा फुकट गेली." त्यानंतर मी रजा या शब्दाकडे पूर्वीसारखं बघू शकलेले नाही. पुढचं वर्ष हातात असतंच असं नाही, हे त्या चार दिवसांत मला कळलं. आणि डॉक्टरांनी आता प्रवासाला हो म्हटलंय. त्यांनी हो म्हटल्यावरच मी पैसे भरले, आधी नाही.

पैशांचं बोलायचं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेले पैसे तसेच ठेवा.

मे का, तर त्याला कारणं आहेत. ऑगस्टमध्ये एडिंबरात महोत्सव असतो, १९४७ पासून चालू आहे, त्या गर्दीत आईला फुटपाथवर पाय ठेवायला जागा मिळणार नाही. शिवाय जून ते ऑगस्ट हायलँड्समध्ये मिजेस नावाची चिलटं येतात, ती बाबांना सहन होणार नाहीत. मे महिन्यात पश्चिम किनाऱ्यावर पाऊस त्यातल्या त्यात कमी. थंडी आहे, दहा-पंधरा अंश, पण वारा लागतो. दिवस मात्र इतका मोठा की स्काय बेटावर रात्री पावणेदहा-दहाला सूर्य मावळतो. आई, दिवेलागणीची वाट बघत बसलीस तर झोपायला मध्यरात्र होईल, म्हणून घड्याळात सात वाजले की दिवा लाव. भाड्याच्या घरांत धुराचे अलार्म असतात, त्यामुळे उदबत्ती नको. बॅटरीचा दिवा मी आणून ठेवला आहे. देव चालवून घेतील, तूच आजीला असं म्हणायचीस.

सगळीकडे घरंच घेतली आहेत, हॉटेलं फक्त शेवटच्या तीन रात्री. घरात ओटा आहे, फ्रिज आहे, कपडे धुवायचं मशीन आहे. तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला, चहाची पूड मी गाडीत टाकते. मेतकूट तेवढं तुझ्या हातचं आण. वाटेत बाहेर खायची वेळ आली तर इथे मसुराच्या डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात करतात. ते मी विचारून घेईन, तुम्ही काही काळजी करू नका. बाथरूममध्ये जेट नसतो. तांब्या मी घेतला आहे, प्लास्टिकचा.

आता मार्ग. पहिल्या दिवशी लॉख लोमंड या तळ्याच्या काठाने ओबान बंदर. तिथून गाडी बोटीत चढवायची आणि पाऊण-एक तासात मल बेटावर उतरायचं. मलवर दोन रात्री. या बोटींच्या जागा उन्हाळ्यात पटापट भरतात, म्हणून मी जानेवारीतच आरक्षण केलं (हेही सांगायचं राहिलं होतं). मलवरचे रस्ते एका गाडीपुरते आहेत. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला घ्यायची जागा असते, समोरून गाडी आली की एकाने थांबायचं, दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. मी या रस्त्यांवर चार वेळा गेले आहे. बाबा, तुम्ही पुढे बसा, पण ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबायचा नाही.

मलच्या टोकाला आयोना. तिकडे आपली गाडी नेता येत नाही, दहा मिनिटांची बोट आणि मग चालणं. धक्क्यापासून मठ पंधरा मिनिटांवर आहे, आईच्या चालीने पंचवीस. घाई नाही. सन ५६३ मध्ये कोलंबा नावाचा साधू आयर्लंडहून थोड्या साथीदारांबरोबर इथे आला आणि त्याने मठ बांधला. आत्ताची दगडी इमारत खूप नंतरची. पण आत गेलं की आळंदीला पहाटे जसं शांत वाटतं तसं वाटतं, आई. मी गेल्या वर्षी तिथे एकटी बसले होते तेव्हा तुझीच आठवण आली.

आणि आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. आयोनाहून छोट्या बोटीने स्टाफा बेटावर जाता येतं. तुम्ही मला सातवीत असताना अंधेरीला गिल्बर्ट हिलला नेलं होतं ते आठवतं? आई गावदेवीच्या पायऱ्या चढत होती आणि तुम्ही मला खालीच थांबवून त्या उभ्या खांबांवर हात ठेवायला लावला होता. "हा लाव्हा आहे. थंड होताना आक्रसला आणि अशा भेगा पडल्या." स्टाफा म्हणजे तेच, समुद्रात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, बहुतेक खांब सहा कोनी, इतके नेमके की कुणी तासून ठेवल्यासारखे, आणि त्यांच्या मधोमध फिंगलची गुहा, जिच्यात लाट शिरली की आवाज घुमतो. गिल्बर्ट हिल त्याहून थोडी थोरली, साडेसहा कोटींच्या आसपासची. मी पहिल्यांदा ते खांब बघितले तेव्हा बोटीतल्या अनोळखी बाईंना सांगत सुटले, "माझ्या बाबांनी मला हे दाखवलंय." मेमध्ये पफिन पक्षीही असतात, केशरी चोचीचे. बोट गुहेच्या तोंडापर्यंत नेतात. उतरता आलं तरी तुम्ही खडकावर चढायचं नाही, शेवाळं असतं. आई आणि मी आयोनालाच थांबू, तिला बोट लागते. वारा जास्त असला तर बोट सुटणारच नाही. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. आपण किनाऱ्यावर बसू.

मग ग्लेनको. दोन्ही बाजूंना अंगावर येणारे काळपट डोंगर आणि मधून रस्ता. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे इथे मॅकडोनाल्ड घराण्याच्या ३८ माणसांना मारलं. मारणारे सैनिक बारा दिवस त्यांच्याच घरी पाहुणे म्हणून राहिले होते, त्यांचंच जेवत होते. आई, तुला हे ऐकवत नसेल तर बाबांना पुढचा परिच्छेद वाचायला सांग.

फोर्ट विल्यमला एक रात्र. मग ग्लेनफिनन, तिथला रेल्वेचा पूल एकवीस कमानींचा, १९०१ पासून वापरात, आणि सगळा काँक्रीटचा, लोखंडी सळई न घालता. कोकण रेल्वे नवीन होती तेव्हा पानवलच्या पुलावर तुम्ही मला खिडकीशी उचलून धरलं होतं. आता मी तुम्हाला गाडीतून उतरवून दाखवते. मॅलेगहून पुन्हा बोट, आणि स्काय.

स्कायसाठी दोनच रात्री ठेवल्या आहेत आणि त्याबद्दल मी स्वतःवर नाराज आहे. तिथे पूर्वेला ट्रॉटरनिश नावाची लांबच लांब कड्यांची रांग आहे. वर बेसाल्टचे जाड थर, खाली मऊ खडक, वरचं ओझं न पेलून सगळा डोंगर समुद्राकडे घसरला. काही ठिकाणी अजून सरकतोय, खालचा रस्ता सारखा दुरुस्त करावा लागतो. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा त्या घसरणीत उभा राहिलेला सुळका. बाबा, तैलबैल्याची भिंत आठवेल तुम्हाला. तिथवरची चढण छातीवर येणारी आहे, आपण रस्त्यावरूनच बघायचं. त्याच रांगेतल्या क्विरँगच्या वरपर्यंत मात्र गाडी जाते. दरवाजा उघडला की पुढ्यात दरी. मफलर आधी बांधा, मग उतरा.

परत येताना पुलावरून. इलन डोनन किल्ला लागेल, १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने उडवला, विसाव्या शतकात पुन्हा बांधला. मला तो बाहेरूनच आवडतो. इन्व्हर्नेसला मुक्काम, मग एडिंबरा. तिथला किल्ला थंड झालेल्या ज्वालामुखीवर आहे, आणि रविवार सोडून रोज दुपारी एकला तिथून तोफ उडवतात. बाबा, दचकू नका म्हणून आत्ताच सांगते. जुन्या शहरात दगडी चढ फार आहेत, तिथे टॅक्सी करायची, त्यावर चर्चा नाही. आई, तुझ्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन एडिंबरा विद्यापीठातच शिकले. तिथे तुझा एक फोटो काढायचा आहे, त्या निळ्या इरकलीत.

आता एक सांगायचं आहे आणि ते मी मुद्दाम मागे ठेवलं. ही रजा घेतल्यावर माझ्याकडे फक्त चार दिवस उरतात. म्हणजे यंदा गणपतीला मी येणार नाही. आई, तू मखराचा कागद आणून ठेवलास हे वहिनीने सांगितलं. मी दोनदा विचार केला, खरंच केला. पण गणपतीत मी येते तेव्हा तू ओट्याशी असतेस आणि बाबा पाहुण्यांत. आपण तिघं नुसते बसलो, असं किती वर्षांत झालेलं नाही. मोदकांना वहिनी हात लावेल, मूर्ती दादा आणेल. आरतीला व्हिडिओ लावा, मी टाळ घेऊन बसेन.

व्हिसाचे फॉर्म मी इथून भरते. ठसे आणि फोटोसाठी तुम्हाला जावं लागेल, दादा नेईल. सहा महिन्यांचे पासबुकाचे उतारे काढून ठेवा. विम्याच्या अर्जात अँजिओप्लास्टी लिहायची, तारखेसकट. "कशाला सांगायचं" असं करायचं नाही. गोळ्या हँडबॅगेत, मूळ वेष्टनात, औषधांची नावं लिहिलेल्या चिठ्ठीसह. रोज संध्याकाळी दोघांनी अर्धा तास चालायचं, आत्तापासून. आई, गुडघ्याचा पट्टा घालून. व्हीलचेअर दोन्ही विमानतळांवर सांगितली आहे, बसायचंच. तात्यांची ती बॅग आणू नका, तिचं चाक निघालंय. दादाची घ्या.

आणि बाबा, शोकेसमध्ये घड्याळामागे गिल्बर्ट हिलचा तो काळा खडा असेल, मी सातवीत खिशात घालून आणलेला. तेवढा घेऊन या. मोठ्या बॅगेत ठेवा, हातात नको, तपासणीला अडवतील.

तुमची,
छकुली