टीचर्स डेचा अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षक दिन नुकताच झाला, शाळांच्या गेटवर, चौकातल्या फ्लेक्सवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे इंग्रजीत हॅपी टीचर्स डे, आणि बऱ्याच ठिकाणी अपॉस्ट्रॉफी (कोणाचं ते दाखवणारी, अक्षराच्या वर येणारी स्वल्पविरामासारखी खूण) एकतर गायब नाहीतर आर आणि एसच्या मधे. मधे दिला की तो एकाच शिक्षकाचा दिवस होतो, सगळ्या शिक्षकांचा म्हणायचं तर एसच्या नंतर द्यायला हवा. लोक म्हणतात एवढ्याशा खुणेने काय बिघडतं, पण मराठीत शिक्षकाचा आणि शिक्षकांचा यात पण एका अनुस्वाराचाच फरक आहे ना, तो चुकलेला आपल्याला चालतो का?

मदर्स डेचं उलट आहे. अमेरिकेत तो सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांनी अपॉस्ट्रॉफी मुद्दाम एसच्या आधी ठेवला, कारण प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस साजरा करावा हा त्यांचा आग्रह होता.

कोणी म्हणेल खुद्द इंग्लंडमधेच हे सोडून देतायत. 2024 मधे नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने रस्त्यांच्या नवीन पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी काढायचं ठरवलं, कारण काय तर कॉम्प्युटरच्या डेटाबेसला त्रास होतो. पण लोक एवढे चिडले की हॅरोगेटमधे सेंट मेरीज वॉकच्या पाटीवर कोणीतरी हाताने अपॉस्ट्रॉफी परत घातला आणि शेवटी कौन्सिलला निर्णय फिरवावा लागला.

आपल्याकडे 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी हा विषय गाळलेल्या जागा भरण्यापुरताच राहिलाय. माझ्या मुलीने वहीत कुत्र्याने आपली शेपटी हलवली हे वाक्य इंग्रजीत लिहिलं, त्यातला इट्स अपॉस्ट्रॉफीशिवाय अगदी बरोबर होता, तर शाळेत लाल पेनने त्यात अपॉस्ट्रॉफी घालून दिला! अहो हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांना कुठे असतो, मग त्याच रांगेतल्या इट्सला कसा असेल, तो दिला की इट इज होतं. मुलीला पटवून देताना मला खरंच वाईट वाटलं, कारण तिचा बाईंवर विश्वास आहे आणि तो असायलाच हवा.

शिक्षकांनी मुलांना एवढंच सांगावं की आधी कोणाचं ते विचारा, तो शब्द पूर्ण लिहा, मग अपॉस्ट्रॉफी आणि एस, आणि अनेकवचनाचा एस आधीच असेल तर नुसता अपॉस्ट्रॉफी. आता 14 नोव्हेंबरला बालदिन येतोय, चिल्ड्रन हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी एन आणि एसच्या मधे येतो, शाळांनी फ्लेक्स प्रिंटिंगला टाकायच्या आधी तेवढं बघून घ्यावं ही विनंती.

— एक पालक, सांगली