मूठ म्हणजे काय?

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय पार्टनर,

काल क्लबच्या टेनिस डबल्स स्पर्धेत सेमीफायनल काढली. 3-6, 6-4 आणि तिसऱ्या सेटऐवजीचा टायब्रेक 10-8. तुझ्या जागी आता 24 वर्षांचा पोरगा आहे. मला ‘काका’ म्हणतो आणि दिसेल तो बॉल फोडतो.

समोर एक डावखुरा आणि एक गुडघ्याला पट्टा बांधलेला गृहस्थ. वॉर्मअपमध्ये पट्टेवाल्याच्या तीन व्हॉली नेटमध्ये गेल्या आणि मी तिथेच ठरवून टाकलं, याच्यावरच मारायचं. पहिला सेट त्यातच घालवला. त्याला पळता येत नव्हतं हे खरं, पण आम्हीच बॉल त्याच्या रॅकेटवर नेऊन देत होतो, तो कशाला पळतोय! तू असतास तर दुसऱ्याच गेमला माझ्यावर खेकसला असतास.

1-4 ला डोक्यात प्रकाश पडला. डावखुरा ॲड कोर्टला, म्हणजे त्यांच्या डावीकडे, आणि उजव्या हाताचा पट्टेवाला ड्यूस कोर्टला, म्हणजे उजवीकडे. म्हणजे दोघांचे फोरहँड कडेला आणि मधोमध दोन बॅकहँड. मध्ये बॉल आला की दोघं आधी एकमेकांकडे बघायचे, मग रॅकेट हलायची. शिवाय नेट मधोमध 3 फूट, खांबांपाशी साडेतीन, म्हणजे आपल्यालाही तिथूनच मारणं सोपं. सेट बदलताना रिसीव्हच्या बाजू बदलता येतात. पोराचा बॅकहँड माझ्यापेक्षा बरा, म्हणून त्याला ॲडला पाठवलं आणि दोघांनी मधेच मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या सेटला 4-2 झाल्यावर ती माणसं शहाणी झाली. दोघंही बेसलाइनवर जाऊन उभी राहिली, मधली फट बुजली. पोराला अजून जोर लावायचा होता. म्हटलं, आता हळू, पट्टेवाल्यापुढे छोटे बॉल टाक. त्या गुडघ्याकडे बघून वाईट वाटत होतं. तरी टाकले.

2019 ला बालेवाडीत आपले बोपण्णा आणि दिविज शरण डबल्स जिंकले, तेव्हा आपण काय बघत होतो आठवतंय? मी बॉल बघत होतो. तू मात्र नेटवरच्या माणसाची पाठीमागची बोटं बघत होतास. येताना रिक्षात तू आपली खूण ठरवलीस: उघडा पंजा म्हणजे क्रॉस, नेटवरचा पलीकडच्या बाजूला पळणार; मूठ म्हणजे तो जागेवर थांबणार. तीच खूण मी पोराला शिकवली.

टायब्रेकला 8-8. सर्व्हिस माझी. नेटवर पोराने पाठीमागे मूठ दाखवली. मी निर्धास्त सर्व्ह केली आणि हा पठ्ठ्या सुसाट क्रॉस! त्याची बाजू सताड उघडी, मी इकडे खांबासारखा उभा. पण रिटर्न नेमका त्याच्या वाटेत आला, आणि त्याने तो दोघांच्या मधून पार केला. 9-8.

नंतर विचारलं, मूठ दाखवून पळालास कसा?

“मूठ म्हणजे तुटून पडायचं ना, काका?”

फायनल पुढच्या रविवारी आहे. त्याला खरा अर्थ सांगू की राहू दे, ते तेवढं कळव.

तुझा,
ड्यूस कोर्टवाला