सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र: चित्रकार जेम्स वेल्स आणि गंगाराम तांबट यांच्या नावाची एक पाटी लावा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार,

मी पुण्यात फ्लेक्स छापतो, कसबा पेठेत छोटं दुकान आहे. वाढदिवस, निवड झाली, दहावीत पहिला आला, दशक्रिया विधी, सगळं छापतो, तुमच्या पक्षाचेही छापलेत आणि समोरच्यांचेही. म्हणजे चेहरे मोठे करणं हाच धंदा आहे असं समजा, आणि या पत्राचा विषयही चेहऱ्यांचाच आहे म्हणून आधी सांगितलं.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी गणपतीत एका मंडळाचा पेशवे दरबाराचा देखावा होता, पोरं आली, म्हणाली मागे सवाई माधवराव पाहिजेत, बारा बाय आठ. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तो मोठा केला की नुसते चौकोन, पिक्सल फुटलेले, नाक कुठे आणि मोत्यांची कंठी कुठे कळेना. मग रात्री दुकान बंद करून मोठी फाइल शोधत बसलो आणि पहाटे तीनला घरी गेलो. बायकोने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

ते चित्र तुम्ही बघितलंय साहेब, शाळेच्या पुस्तकात, दिवाळी अंकात, कुठेतरी नक्की बघितलंय. कोवळा पेशवा गादीवर, शेजारी नाना फडणवीस, मागे सेवक. सवाई माधवराव म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर हेच येतं. ते काढलंय जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश माणसाने, १७९२ साली, इथे पुण्यात. आणि मूळ चित्र आहे लंडनला, रॉयल एशियाटिक सोसायटीकडे.

हा वेल्स काही फार मोठा गाजलेला चित्रकार नव्हता हे पण सांगतो. १७४७ चा जन्म, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं पीटरहेड गाव, बरंचसं स्वतःच शिकलेला, लंडनला जाऊन प्रदर्शनात चित्रं लावली पण तिथे रेनॉल्ड्स, गेन्सबरो असली मंडळी असताना याला कोण विचारणार. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी, १७९१ ला, मुंबईला आला. तेव्हा इंग्लंडात ज्यांचं जमत नव्हतं असे बरेच चित्रकार हिंदुस्थानात येत, कलकत्ता, मद्रास, लखनौ. मुंबईकडे फार कोणी फिरकत नसे आणि मराठ्यांच्या दरबारात तर त्याहून कमी, त्यामुळे याला मैदान मोकळं मिळालं. पुण्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, होता चार्ल्स मॅलेट, संगमावर त्याची रेसिडेन्सी, त्याला चित्रांचा भारी नाद. त्याने वेल्सला पुण्यात आणलं आणि दरबारात पोचवलं.

मग याने सवाई माधवरावांना काढलं, नानांना काढलं, महादजी शिंद्यांना काढलं. महादजी १७९२ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलकची, म्हणजे त्याच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीची, वस्त्रं घेऊन पुण्यात आले होते, नानांचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि हा परदेशी माणूस दोघांच्या समोर बसून दोघांचे चेहरे काढतोय. मॅलेटच्या घरी राहणाऱ्या अंबर कौर नावाच्या बाईंचंही पोर्ट्रेट त्याने केलं. कल्पना करा काय काय कानावर पडलं असेल त्याच्या.

आता माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो. फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा आम्ही गोरा करतो, डोळ्याखालची वर्तुळं काढतो, मागे सूर्य नाहीतर सिंह टाकतो, आणि कुणाचा फोटो किती मोठा आणि कुणाचा कोपऱ्यात गोल करून यावरून आमच्या काउंटरवर भांडणं होतात, अक्षरशः हातघाईवर. वेल्सच्या चित्रातही तेच राजकारण आहे हो. अठरा वर्षांचा मुलगा गादीवर आहे, नटवलाय, मोती आहेत, पण बाजूला बसलेला तो उंच किडकिडीत माणूस, कारभार खरा कुणाच्या हातात आहे ते तुम्हाला त्याच्याकडे बघूनच कळतं. वेल्सने नानांना गोरागोमटा केला नाही. तो लांबट चेहरा, ती सावध नजर, तसंच ठेवलंय. म्हणून अडीचशे वर्षं होत आली तरी ते चित्र टिकलंय, माझे फ्लेक्स पंधरा दिवसांत पालिकेवाले फाडतात.

पण मी पत्र नुसत्या वेल्ससाठी लिहीत नाहीये. त्या रात्री शोधता शोधता मला एक गेंडा सापडला.

पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचे प्राणी असायचे ना तिथला, नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेला. कातडीच्या घड्या, जाड पाय, बारीक डोळा, असा काढलाय की प्राणी समोर बसून बघितल्याशिवाय जमणार नाही. आम्ही लहानपणी पेशवे पार्कात जायचो, फुलराणीत, त्या छोट्या आगगाडीत, बसायचो, पण याच भागात दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस कागद घेऊन गेंड्यासमोर बसला होता हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही, ना बाईंनी ना बापाने. त्या माणसाचं नाव गंगाराम चिंतामण तांबट.

तांबट साहेब! माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर तांबट आळी आहे, आजही तिथे सकाळी तांब्याची भांडी ठोकायचा आवाज येतो. गंगाराम वेल्सच्या आधीपासून मॅलेटसाठी चित्रं काढत होता, म्हणजे साहेब येऊन याला शिकवून गेला अशी सोपी गोष्ट नाहीये ती. याचा हात आधीच तयार होता, वेल्सकडून त्याने सावल्या, खोली, लांबचं जवळचं हे विलायती तंत्र उचललं. पर्वती टेकडी आणि वरची देवळं काढली, आखाड्यातले पैलवान काढले, वजन उचलणारे, अंग पिळदार. आणि वेरूळ! मॅलेटने वेरूळवर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात लेख लिहिला त्याला चित्रं गंगारामची. जगाने छापील पानावर वेरूळ बघितलं त्यात या पुण्याच्या माणसाचा हात होता हो, आणि आपण छत्रपती संभाजीनगरला सहल नेतो तेव्हा मुलांना हे नाव सांगत नाही.

पुण्याच्या जुन्या इतिहासात असंही सांगतात की मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाच सुरू झाली होती, वेल्स शिकवायचा आणि गंगाराम त्यातला सगळ्यात नावाजलेला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ ला. म्हणजे त्याच्या साठेक वर्षं आधी पुण्यात विलायती पद्धतीने चित्रकला शिकवली जात होती. मी स्वतः ड्रॉइंगच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, ए ग्रेड आहे, सर्टिफिकेट दुकानात लावलंय, पण त्या सगळ्या वर्षांत गंगाराम हे नाव कानावर पडलं नाही.

शाळा फार चालली नाही, चालणार कशी. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले. १७९५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडले आणि दोन दिवसांत गेले, एकवीस वर्षांचे होते. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, वेल्स पण गेला, तिकडे मुंबईजवळच्या साष्टी बेटावर, लेण्यांच्या चित्रांच्या कामात असताना ताप येऊन. ज्याचं चित्र काढलं तो आणि ज्याने काढलं तो, थोड्याच दिवसांच्या अंतराने. हे वाचलं तेव्हा दुकानात एकटा होतो, शटर अर्धं खाली, जरा वेळ काम सुचलं नाही.

वेल्सच्या पोरी पोरक्या झाल्या. मोठी सुझाना, तिच्याशी मॅलेटने १७९९ ला इंग्लंडात लग्न केलं, आणि असं करत करत बरीच चित्रं, डायऱ्या, गंगारामचे कागद त्या घराण्याकडे राहिले. वेल्सची मुंबईची बारा दृश्यं त्याच्यामागे १८०० मध्ये छापून आली. पुढे पॉल मेलन नावाच्या अमेरिकन धनाढ्याच्या संग्रहातून बराच ठेवा येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये गेला, न्यू हेवनला. आमचा गेंडा सध्या तिथे राहतो.

अजून एक चित्र सांगतो, कारण त्याचा संबंध थेट तुमच्या खात्याशी आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले, त्या तहाचा पुण्याचा दरबार. वेल्सने त्याच्या तयारीची स्केचेस जमवली होती पण पूर्ण करायला जगला नाही, ती वापरून थॉमस डॅनियलने मोठं तैलचित्र केलं, १८०५ ला, ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. डॅनियल स्वतः त्या दरबारात नव्हता, वेल्सही नव्हता, पण वेल्सने ती माणसं आणि तो वाडा नंतर डोळ्याने बघितला होता. आता का महत्त्वाचं, तर शनिवारवाड्याच्या आतलं सगळं १८२८ च्या आगीत जळालं. आज तिकीट काढून आत गेलं की दिल्ली दरवाजा, तटबंदी, हजारी कारंज्याचा हौद आणि जोती. नुसती जोती. मी मुलाला घेऊन गेलो, तो म्हणाला बाबा इथे काय होतं, मी म्हटलं राजवाडा होता, तो म्हणाला कुठेय. मोबाइल काढून त्याला ते चित्र दाखवलं. बाजूला उभे असलेले सोलापूरकडचे एक काका पण वाकून बघायला लागले, मग त्यांची मंडळी, दहा मिनिटं मी गाइड झालो. तिथे फिरताना मला ना वेल्सच्या नावाची पाटी दिसली ना गंगारामच्या.

तर मागणी अशी आहे, मोठी नाहीये. मूळ चित्रं परत आणा वगैरे मी म्हणत नाही, शिवाजी महाराजांची ती वाघनखं, ती तलवार यांच्यावरून जे काय चालतं ते बघून मी त्यात पडत नाही. आणि खरं सांगू का, ही चित्रं लुटून नेलेली नाहीत, मॅलेटने हौसेने चित्रकारांकडून काढवून घेतलेली आहेत, तिकडे नीट सांभाळलीत, आपल्याकडे राहिली असती तर वाळवीने ठेवली असती का मला शंका आहे. पण येलवाले जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट देतात, कोणीही उतरवून घ्यावी, मी घेतल्यात. लंडनच्या दोन चित्रांसाठी तुमच्या खात्याच्या लेटरहेडवर दोन मेल जावे लागतील, बस. त्यांच्या चांगल्या कॅनव्हास प्रिंट काढा, एका खोलीत लावा, खाली मराठीत नीट लिहा की हे कोणी काढलं, कुठे काढलं.

तुम्ही म्हणाल शनिवारवाडा आमच्याकडे नाही, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. मान्य. पण बाजीराव रोडवरचं राजा केळकर संग्रहालय राज्य सरकारकडे आहे ना. विश्रामबागवाडा पालिकेकडे आहे, तिथे प्रदर्शनं होतच असतात. आणि ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा घेणारं कला संचालनालय तुमच्या खात्यात येत नाही हेही माहितीये, ते उच्च व तंत्रशिक्षणवाल्यांकडे, पण तुम्ही एकाच मंत्रिमंडळात बसता, चहा घेताना सांगायला काय लागतं, की बाबा पोरांच्या पुस्तकात एक पान गंगारामचं टाका.

आणि कृपा करून पुतळा नको. समिती पण नको. मला माहितीये हे पत्र गेलं की कोणीतरी म्हणेल भव्य स्मारक करू, मग त्याचा आराखडा, मग निविदा, मग आमच्यासारख्याकडे भूमिपूजनाचे फ्लेक्स छापायला येणार, त्यावर पंधरा फोटो असतील आणि गंगारामचा एकही नसेल.

छपाईचे पैसे मी घेणार नाही. कॅनव्हास माझा, शाई माझी, फ्रेमवाला मित्र आहे तो लाकडाचेच घेईल. रंग जुळवून एक नमुना काढून पण ठेवलाय, गेंड्याचा, तीन बाय दोन, दुकानात काउंटरच्या मागे लावलाय. येणारी माणसं विचारतात हे कुठल्या जंगलातलं, मी म्हणतो पर्वतीच्या पायथ्याचं, तर हसतात.

सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर तयार आहेत. तुमच्या ऑफिसातून कोणीही येऊन घेऊन जावी, दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ उघडं असतं, मध्ये एक ते चार बंद, पुण्यात आहोत त्यामुळे समजून घ्याल.

आपला,
कसबा पेठेतला एक फ्लेक्सवाला