दार नसलेला किल्ला

प्रिय शमे,

तू दिलेल्या वहीची अखेर सतरा पानं भरली गं! हसू नकोस, मला गिफ्ट मिळालेल्या वह्यांचं काय होतं तुला माहितीये, आधी कपाटात आणि मग दूधवाल्याचा हिशोब, तेव्हा सतरा म्हणजे डोक्यावरून पाणी.

मालवणला गेलो होतो चार दिवस, आई-बाबा, आम्ही दोघं आणि चिन्या. दांडीच्या किनाऱ्याजवळ एका काकूंकडे खोल्या घेतल्या होत्या, सकाळी घावणे, दुपारी मासे, आणि मधल्या वेळात मी माडाखाली बसून निवांत स्केच करणार असं आपलं माझ्या डोक्यात. कसलं काय. त्या दमट हवेत वॉटरकलर वाळतच नाही! पुण्यात दोन मिनिटांत सुकतं ते तिथे ओलंच्या ओलं, आणि चिन्याला पान उलटायची घाई, त्यामुळे पहिल्या चार पानांवरचा समुद्र समोरच्या पानावर पण छापलाय. त्यात दुकानदाराने छातीठोकपणे वॉटरप्रूफ म्हणून दिलेलं पेन वॉटरप्रूफ नव्हतंच. होडीवरून ब्रश फिरवला आणि होडी गायब, नुसतं काळपट पाणी. आमचे हे म्हणे, बुडाली वाटतं.

पण सांगायचंय ते किल्ल्याचं. सिंधुदुर्गला जायला जेटीवर रांगेत उभे होतो, म्हटलं तेवढ्यात तट काढून घेऊ. लांबच लांब काळी भिंत, वर माडांचे शेंडे, झालं. चिन्या डोकावून म्हणतो, आई, दार कुठाय? बघते तर खरंच दार नाही! मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. होडी निघाली, निम्मं अंतर कापलं, तरी नुसती भिंतच, आणि अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला तट आत वळतो ना, तिथे लपलंय ते. होडीवाले काका म्हणाले, "दुश्मनाक दिसता नये म्हणान!" चिन्या एवढा खूश की जणू त्यानेच शोधलं.

मग बाबा सुरू. रिटायर झाले तरी मास्तरकी सुटत नाही. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, तीन वर्षं लागली, 48 एकर जागा, अख्खी होडी ऐकतेय आणि मी दुसरीकडे बघतेय. आईला इतिहासात शून्य रस, पण आत विहिरी बघून ती थांबलीच. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आई म्हणे, "ताकबाव नाही का, सोलकढी तरी?" कठड्याला टेकून तिने स्वतःहून सांगितलं, माझं काढ. आईने! जी लग्नाच्या फोटोत पण तोंड फिरवते. पदर खोचलेला, एक चप्पल पायातून निम्मी सुटलेली, चेहरा नाही जमला पण चप्पल इतकी आईची आलीये ना.

त्या पानाच्या वेळी बाटलीतलं पाणी संपलं, प्यायचं पाणी आई रंगात घालू देईना, म्हणून तटाच्या बाहेर जाऊन झाकणभर समुद्राचं आणलं. गंमत म्हणजे ते पान अजून, इथे पुण्यात, पावसाळी हवा झाली की चिकट लागतं.

शिवराजेश्वराच्या देवळातल्या मूर्तीला दाढी नाहीये, राजाराम महाराजांनी बांधलेलं देऊळ ते. मी बाहेर येऊन आठवून काढलं तर चिन्या चिडला, दाढी विसरलीस! रात्री बघते तर पेन्सिलने दाढी. खोडली नाही मी.

आणि ते पहिलं, बिनदाराचं पान. घरी आल्यावर तिथे दार काढायला पेन उघडलं तर बाबा म्हणाले, राहू दे, जेटीवरून तसंच दिसतं. मग त्यांनीच खाली त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात तारीख टाकली आणि चिन्याने बाण काढून लिहिलं, "दार इथे आहे". बाण चुकीच्या बुरुजाकडे आहे.

फोटो पाठवणार नाही, दिवाळीत ये आणि बघ. येताना एक पेन आण, पण आधी तिथेच थुंकी लावून बघ पुसतंय का.

तुझी,
मधू